शेतकी महाविद्यालयांच्या कायद्यामागचा विस्मृत माणूस

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत कृषी विद्यापीठांच्या स्थितीवर आलेला लेख वाचला. लेखातील बहुतेक विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र ‘अब्राहम लिंकन यांनी १८६२ मध्ये अमेरिकेत शेतकी महाविद्यालये स्थापन केली’ हे त्यातील विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्या कायद्यावर लिंकन यांची सही आहे, एवढेच खरे. कायद्याची कल्पना संसदेत मांडणारा, एकदा तो मंजूर करून घेऊनही राष्ट्राध्यक्षांच्या नकारामुळे हरलेला, पुन्हा उभा राहून तो तडीस नेणारा आणि पुढे अठ्ठावीस वर्षांनी त्याची अपुरी बाजू भरून काढणारा माणूस वेगळाच होता. त्याचे नाव जस्टिन स्मिथ मॉरिल. कृषिशिक्षणाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांनीही हे नाव फारसे उच्चारलेले नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मॉरिल यांचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजी व्हरमाँट राज्यातील स्ट्रॅफर्ड या डोंगराळ गावी झाला. वडील लोहार होते. मुलाला महाविद्यालयात पाठवणे त्यांना परवडले नाही आणि पंधराव्या वर्षी जस्टिनचे शिक्षण संपले. तो एका दुकानात कारकून म्हणून लागला, पुढे जेडेडाया हॅरिस या गावातील प्रतिष्ठित गृहस्थांबरोबर भागीदारीत दुकान चालवू लागला, आणि त्यात त्याने इतके चांगले कमावले की अडतिसाव्या वर्षी धंद्यातून निवृत्त होऊन तो शेतीकडे, वाचनाकडे आणि स्वतः आराखडा काढून बांधलेल्या गॉथिक धाटणीच्या गुलाबी घराकडे वळला. ते घर आज ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन केलेले आहे. इथे त्यांचे चरित्र संपले असते तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण १८५४ मध्ये व्हिग पक्षाने त्यांना उमेदवारी दिली, निसटत्या मताधिक्याने ते निवडून आले आणि मग १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते संसदेबाहेर गेले नाहीत. बारा वर्षे प्रतिनिधिगृहात आणि १८६७ पासून सिनेटमध्ये, अशी जवळपास ४४ वर्षांची सलग कारकीर्द त्या काळात विरळाच होती.

ते वक्ते नव्हते. त्यांच्या भाषणांत आकडे असत, पीकपाण्याच्या नोंदी असत, युरोपातील शेतकी शाळांची माहिती असे, आणि टाळ्या घेणारी वाक्ये जवळजवळ नसत. १८५६ च्या फेब्रुवारीत, संसदेत येऊन जेमतेम काही महिने झाले असताना, त्यांनी लष्करी अकादमीच्या धर्तीवर राष्ट्रीय शेतकी शाळा काढता येतील का याची चौकशी व्हावी असा ठराव आणला. दक्षिणेकडील सदस्यांनी हरकत घेतली आणि तो बारगळला. पुढच्या वर्षी, १४ डिसेंबर १८५७ रोजी, त्यांनी पूर्ण विधेयकच आणले. संघराज्याच्या मालकीच्या मोकळ्या सरकारी जमिनी राज्यांना द्याव्यात, त्या विकून येणाऱ्या पैशातून कायमस्वरूपी निधी उभारावा आणि त्याच्या व्याजावर शेती आणि यंत्रकला शिकवणारे किमान एक महाविद्यालय प्रत्येक राज्याने चालवावे, असा त्याचा गाभा होता. एप्रिल १८५८ मध्ये केलेल्या भाषणात त्यांनी न्यू इंग्लंडपासून तंबाखू-कापसाच्या प्रदेशापर्यंत जमिनीचा कस कसा उतरत चालला आहे, हे उत्पादनाच्या घटत्या आकड्यांनी दाखवले. रेल्वेला जमिनी देता, सैनिकांना देता, मग जो वर्ग या देशाला जेवू घालतो त्याच्या शिक्षणाला का नाही, हा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रतिनिधिगृहात विधेयक १०५ विरुद्ध १०० अशा निसटत्या मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये व्हर्जिनियाच्या मेसन यांनी त्यात संघराज्याची घुसखोरी पाहिली. मिनेसोटाच्या राइस यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा होता: आम्हाला शोभेचे शेतकरी नकोत, शेतकऱ्याला महाविद्यालय द्यायचेच असेल तर १६० एकर जमीन द्या, तेच त्याचे महाविद्यालय. शिकलेला मुलगा शेतात राहणार नाही, हा आपल्याकडे गावोगावी ऐकू येणारा युक्तिवाद सिनेटच्या सभागृहातही झाला होता, हे वाचताना मला गंमत वाटली. तरीही फेब्रुवारी १८५९ मध्ये २५ विरुद्ध २२ मतांनी विधेयक मंजूर झाले आणि लगेच राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. तिजोरीत पैसा नाही, राज्यांच्या अंतर्गत बाबींत संघराज्याने पडू नये, नव्या राज्यांचे नुकसान होईल, सध्याच्या महाविद्यालयांना फटका बसेल आणि घटनेत याला आधार नाही, अशी कारणांची लांब यादी त्यांनी दिली. नकाराधिकार उलटवण्याइतकी मते मॉरिल यांच्याकडे नव्हती.

दोन वर्षांनी देश यादवी युद्धात दुभंगला. दक्षिणेकडील राज्यांचे सदस्य संसद सोडून गेले, आणि ज्या मतांनी असे कायदे अडत होते ती मतेच सभागृहातून नाहीशी झाली. १८६२ हे वर्ष त्या दृष्टीने विलक्षण आहे. मे महिन्यात शेतीखाते स्थापन झाले आणि वसाहतकारांना १६० एकर जमीन देणारा कायदा झाला, १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला आणि २ जुलैला मॉरिल यांच्या कायद्यावर लिंकन यांची सही पडली. एकीकडे युद्ध चालू असताना हे सारे घडत होते. सिनेटमध्ये हे विधेयक ओहायोचे बेंजामिन वेड यांनी पुढे नेले आणि ३२ विरुद्ध ७ मतांनी मंजूर करून घेतले. प्रतिनिधिगृहातील मतदान ९० विरुद्ध २५ होते. लिंकन यांच्याविषयी अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवतो की, १८५९ च्या सप्टेंबरात मिल्वॉकी येथे शेतकी मेळाव्यात केलेल्या भाषणात त्यांनी श्रम आणि विद्या यांची सांगड घालण्याचा विचार मांडला होता. तेव्हा सही करणारा हात अनिच्छेचा नव्हता. पण विधेयक त्यांचे नव्हते.

कायद्याचा मजकूर आजही वाचण्यासारखा आहे, कारण तो दुकानाची वही सांभाळलेल्या माणसाने लिहिल्यासारखा आहे. १८६० च्या जनगणनेनुसार राज्याचे जितके सिनेटर आणि प्रतिनिधी, त्या प्रत्येकामागे ३० हजार एकर. ज्या राज्यात संघराज्याची मोकळी जमीन उरलेली नव्हती, त्याला जमिनीऐवजी, अन्यत्र तितकी सरकारी जमीन मिळवून देणारी हक्कपत्रे, आणि ती हक्कपत्रे राज्याने स्वतः न वापरता विकायची, म्हणजे एक राज्य दुसऱ्या राज्यात जमीनदार होणार नाही. खरेदीदारांना कोणत्याही एका राज्यात दहा लाख एकरांपेक्षा अधिक जमीन घेता येणार नाही. आलेला पैसा किमान पाच टक्के उत्पन्न देणाऱ्या रोख्यांत गुंतवायचा आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, त्यातले काही बुडाले तर राज्याने आपल्या तिजोरीतून भरून द्यायचे. इमारती या पैशातून बांधायच्या नाहीत. जागा आणि प्रयोगशेती यांसाठी फार तर दहा टक्के. पाच वर्षांत महाविद्यालय उभे केले नाही तर पैसे परत. आणि शिकवायचे काय? शेती आणि यंत्रकला मुख्य, पण इतर शास्त्रे व अभिजात विषय वगळायचे नाहीत, आणि युद्धकाळाची खूण म्हणून लष्करी कवायतही शिकवायची. हेतू एकच सांगितला होता: कष्टकरी वर्गांना उदार आणि व्यावहारिक असे दोन्ही प्रकारचे शिक्षण मिळावे. अभ्यासक्रम, प्राध्यापक, गाव, इमारत, यांतले काहीही संसदेने ठरवले नाही. माझ्या मते कायद्याचे खरे शहाणपण इथे आहे. पैशाच्या बाबतीत तो कमालीचा कडक आहे आणि विद्येच्या बाबतीत जवळजवळ मोकळा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते: अभ्यासक्रमाची तासिकावार चौकट वरून येते आणि अनुदानाचा हप्ता कधी येईल हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

अर्थात कागदावरचे शहाणपण सगळीकडे टिकले नाही. एकाच वेळी इतकी हक्कपत्रे बाजारात आल्याने भाव कोसळले. ऱ्होड आयलंडने ती एकरी सुमारे ४२ सेंटला विकली. न्यूयॉर्कच्या वाट्याला ९ लाख ९० हजार एकर आले होते. तिथे एझ्रा कॉर्नेल या उद्योजकाने घाईने विक्री होऊ न देता हक्कपत्रांचा मोठा हिस्सा घेतला, विस्कॉन्सिनमधील पाइनची जंगले निवडली आणि वर्षानुवर्षे ती राखली. त्यातून त्याच्या नावाच्या विद्यापीठाला पन्नास लाख डॉलरहून अधिक मिळाले. मॅसॅच्युसेट्सने आपल्या निधीचा तीन दशांश वाटा नव्याने निघालेल्या तंत्रज्ञान संस्थेला दिला. आज एमआयटी या नावाने घरोघरी माहीत असलेली ती संस्था शेतकी कायद्याच्या पैशावरही वाढली, हे आपल्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. कनेक्टिकटने निधी येल विद्यापीठाला दिला, ऱ्होड आयलंडने ब्राउनला. तिथल्या शेतकरी संघटनांनी आमच्या नावाचा पैसा दुसऱ्यांच्या मुलांवर खर्च होतो म्हणून आवाज उठवला आणि अखेर तो त्या संस्थांकडून काढून स्वतंत्र शेतकी महाविद्यालयांकडे वळवायला लावला.

या कायद्याचे गुणगान करताना एक गोष्ट झाकता कामा नये. ज्या ‘मोकळ्या’ जमिनी राज्यांना दिल्या त्या मोकळ्या नव्हत्या. त्या मूळ अमेरिकी जमातींच्या होत्या, आणि दबावाखालच्या करारांनी, कवडीमोल मोबदल्याने, तर कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी संसदेने मंजूरच न केलेल्या करारांनंतर त्या त्यांच्या हातून गेल्या होत्या. कॉर्नेलची पाइनची जंगले ओजिब्वे लोकांच्या पूर्वापार प्रदेशातली. २०२० मध्ये अमेरिकी पत्रकारांनी नोंदी तपासून दाखवले की अशी सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन जवळपास २५० जमातींकडून आलेली होती. शेतकऱ्याच्या मुलाला शाळा मिळावी म्हणून झटणाऱ्या मॉरिल यांना हा प्रश्न पडल्याचे १८५८ च्या त्यांच्या युक्तिवादात दिसत नाही. त्यांच्या लेखी ती सरकारी जमीन होती. त्या जमातींच्या स्वतःच्या महाविद्यालयांना या व्यवस्थेत स्थान मिळायला १९९४ साल उजाडावे लागले.

कल्पनेच्या श्रेयाबद्दलही वाद आहे. इलिनॉयचे जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी १८५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कष्टकऱ्यांच्या विद्यापीठाची योजना सभा-संमेलनांतून मांडली होती, आणि मॉरिल यांनी ती उचलली असे टर्नर यांचे समर्थक म्हणत आले. मला हा वाद निष्फळ वाटतो. शेतकी शिक्षणाची मागणी त्या काळात अनेक राज्यांत होत होती आणि मिशिगनसारख्या राज्याने तर १८५५ मध्येच असे महाविद्यालय स्थापले होते. सभेत मांडलेली योजना दोन्ही सभागृहांतून पार नेणे हे निराळे काम आहे, आणि ते मॉरिल यांनी दोनदा केले.

त्यांच्या इतर कामाबद्दल थोडक्यात. आर्थिक विषय हा त्यांचा खरा प्रांत. २ मार्च १८६१ रोजी, लिंकन पदावर येण्याच्या दोन दिवस आधी, आयातकर वाढवणारा जो कायदा झाला तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या आयातकरामुळे यादवी युद्ध पेटले असे अधूनमधून लिहिले जाते, ते चूक आहे. त्या तारखेपूर्वीच सात राज्ये फुटून निघाली होती आणि त्यांचे सदस्य सिनेटमधून गेल्यामुळेच हा कायदा संमत होऊ शकला. युद्धखर्चासाठी कागदी चलन छापण्याला त्यांनी विरोध केला, चढत्या दराने प्राप्तिकर घेणेही त्यांना पसंत नव्हते, म्हणजे आजच्या अर्थाने ते पुरोगामी वगैरे नव्हते. युद्धानंतर दक्षिणेची पुनर्रचना ठरवणाऱ्या आणि चौदाव्या घटनादुरुस्तीचा मसुदा करणाऱ्या पंधरा जणांच्या संयुक्त समितीत ते होते. पुढे सिनेटच्या वित्त समितीचे ते दीर्घकाळ अध्यक्ष राहिले, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाची १८९७ मध्ये उघडलेली भव्य इमारत उभी राहावी म्हणून वर्षानुवर्षे भांडले. शेवटच्या वर्षी, ८८ व्या वर्षी, स्वपक्षाच्या विरोधात जाऊन त्यांनी हवाई बेटे अमेरिकेला जोडण्याविरुद्ध मत दिले.

परंतु त्यांची चिकाटी दिसते ती महाविद्यालयांच्याच बाबतीत. जमिनी विकून आलेला निधी बहुतेक ठिकाणी तुटपुंजा ठरला होता. १८७२ पासून ते वाढीव मदतीची विधेयके आणत राहिले आणि ती पडत राहिली. १८८७ मध्ये दुसऱ्या एका कायद्याने या महाविद्यालयांना जोडून संशोधन केंद्रे निघाली, तेव्हा वातावरण थोडे अनुकूल झाले आणि ३० ऑगस्ट १८९० रोजी मॉरिल यांचा दुसरा कायदा झाला. तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. या कायद्याने प्रत्येक राज्याला दरसाल १५ हजार डॉलर आणि पुढे वाढत २५ हजार डॉलर रोख मिळू लागले. शिवाय त्यात एक अट होती: प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या महाविद्यालयाला पैसा मिळणार नाही, मात्र राज्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय ठेवून निधीची न्याय्य वाटणी केली तर चालेल. या पळवाटेने दक्षिणेत विभक्त शिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली आणि वाटणीही न्याय्य झाली नाही. तरीही त्याच अटीमुळे अलाबामापासून मेरीलँडपर्यंत कृष्णवर्णीयांची शेतकी आणि तंत्र महाविद्यालये उभी राहिली किंवा टिकली. ती आजही चालू आहेत. यात तडजोड किती आणि शरणागती किती, याबद्दल अमेरिकी अभ्यासकांत मतभेद आहेत. १८९० मध्ये याहून कडक अट घातली असती तर कायदाच झाला नसता, असे मला वाटते.

आपल्या मुलखाशी या साऱ्याचा संबंध ओढूनताणून जोडण्याची गरज नाही, तो आहेच. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेत शिकले ते ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या शेतकी महाविद्यालयांत, आणि या दोन्ही संस्था मॉरिल यांच्या कायद्याची अपत्ये आहेत. पुढे मेक्सिकोत मक्यावर काम करून त्यांनी नाव मिळवले, ती विद्या तिथली. स्वातंत्र्यानंतर भारतात कृषी विद्यापीठे काढायचे ठरले तेव्हा नमुना म्हणून हीच पद्धत घेतली गेली. पहिले विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने निघाले. महाराष्ट्राचे पहिले १९६८ मध्ये राहुरीला, आणि त्याच्या उभारणीच्या काळात पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे अध्यापक इथे येऊन राहिले होते. अकोला, परभणी आणि दापोली ही विद्यापीठे त्यानंतरची. शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे नवे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे) ही त्रिसूत्री आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत असू. ती अमेरिकेत १८६२, १८८७ आणि १९१४ अशा तीन कायद्यांनी, अर्धशतकात, एकेक पायरीने आली, हे मात्र आम्ही सांगत नसू. आपल्याकडे ती एकदम आली. विस्ताराचे मोठे काम राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिले. आणि ज्या कायम निधीवर मॉरिल यांचा सर्वाधिक भर होता तो आपण घेतलाच नाही. आपल्या पुरवणीतील लेखात रिकाम्या पदांची आणि रखडलेल्या अनुदानाची जी तक्रार आहे, तिचे एक मूळ इथे सापडेल.

राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुले यांचे नाव आहे, ही गोष्टही इथे अप्रस्तुत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे बजावून सांगितले होते, आणि प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान प्रात्यक्षिकासह, नमुन्याच्या लहान शेतांसह द्यावे असे सुचवले होते. मॉरिल आणि फुले यांना एकमेकांची माहिती असण्याचा प्रश्नच नाही आणि दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मॉरिल सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, जोतीरावांना परक्या सरकारपुढे अर्ज करावा लागत होता. पण शेती करणाऱ्याच्या मुलाला त्याच्या कामाचे शास्त्र आणि त्याबरोबर बाकीची विद्याही मिळाली पाहिजे, हा आग्रह दोघांचा आहे. एकाला त्यासाठी कायदा करता आला, दुसऱ्याचे निवेदन दप्तरी पडून राहिले.

मग मॉरिल विस्मृतीत का गेले? त्यांच्या आयुष्यात युद्ध नाही, हत्या नाही, गाजलेले भाषण नाही. समित्यांच्या बैठका, दुरुस्त्या आणि मतदाने आहेत, आणि अशा माणसांची चरित्रे लिहिणाऱ्याला फार कष्ट पडतात. जुन्या प्रतिनिधिगृहाच्या दालनात प्रत्येक राज्याने आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे ठेवावेत ही सूचना १८६४ मध्ये मॉरिल यांचीच. व्हरमाँटने त्या दालनासाठी ईथन ॲलन आणि जेकब कॉलमर यांना निवडले. आपल्या संसदेत आणि विधिमंडळातही समित्यांमध्ये बसून कायदे घडवणारे अनेक जण होऊन गेले. त्यांच्याविषयी मराठीत काय उपलब्ध आहे, हे ग्रंथालयात जाऊन पाहिले तर निराशाच होते.

आपल्या पुरवणीतील लेख बहुधा शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी जपून ठेवतील, त्यामुळे शक्य असल्यास पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती. लिंकन यांचे नाव वगळू नये. त्याआधी विधेयक मांडणारे जस्टिन मॉरिल आणि सिनेटमध्ये ते नेणारे बेंजामिन वेड ही नावे घालावीत, १८५९ चा नकाराधिकार आणि १८९० चा दुसरा कायदा यांचा उल्लेख करावा, आणि जमिनी कोणाच्या होत्या यासाठी एक ओळ राखून ठेवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
कृषी महाविद्यालयातील एक निवृत्त अध्यापक,
राहुरी, जि. अहिल्यानगर